डोंगराळ मुलुखात गाड्यांपासून दूर: पहिल्या सायकल-सफरीसाठी मार्गदर्शन

सपाटीवर ताशी २० किलोमीटरने जाताना मागून गाडी आली तर आपण आपल्या रेषेत राहतो आणि ती निघून जाते. डोंगरात तसं होत नाही. सामान लादलेली सायकल चढावर ताशी ५-६ किलोमीटरने सरकत असते. एवढ्या कमी वेगात हँडल कुणालाच अगदी सरळ धरता येत नाही, चाक थोडं डावी-उजवीकडे जातंच. रस्ता अरुंद, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि वळणापलीकडून येणाऱ्याला आपण दिसत नाही. अशा जागी मागून ट्रकचा आवाज आला की नवख्या माणसाच्या पोटात गोळा येतो. कितीतरी जण अशा एकाच सफरीनंतर डोंगरातली सायकल कायमची सोडतात. त्यांच्या पायांत ताकद नसते असं नाही, त्यांनी रस्ता चुकीचा निवडलेला असतो.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं, की पहिल्या दोन-तीन सफरी जिथे मोटारगाड्या येऊच शकत नाहीत, किंवा दिवसाकाठी एखाददुसरीच येते, अशा वाटांवर करा. अशा वाटा डोंगरात वाटतात त्यापेक्षा पुष्कळ आहेत. त्यांतली जवळजवळ एकही सायकलसाठी बांधलेली नाही. कुणी आगगाडीसाठी डोंगर फोडला, कुणी पाणी नेण्यासाठी, कुणी लाकूड उतरवण्यासाठी. ते काम थांबलं आणि वाट मागे राहिली. ती मुळात कशासाठी बांधली होती हे एकदा कळलं, की तिचा चढ, तिची खडी, तिचे धोके बरेचसे घरबसल्या ताडता येतात. खालच्या बऱ्याच सूचना या एका गोष्टीतूनच निघाल्या आहेत.

पायरी १: वाट कुणी आणि कशासाठी बांधली ते शोधा

नवख्यासाठी सगळ्यात चांगली वाट म्हणजे रूळ काढून टाकलेला जुना रेल्वेमार्ग, ज्याला रेल-ट्रेल म्हणतात. पोलादी चाकाची पोलादी रुळावर पकड कमी असते. त्यामुळे इंजिनाला तीव्र चढ चढता येत नाही, आणि रेल्वे बांधणाऱ्यांनी डोंगराला लांब वळसे घातले, बोगदे खणले, दऱ्यांवर पूल टाकले, पण चढ सहसा २ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी ठेवला. २ टक्के म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर २ मीटर वर. इंजिनासाठी घेतलेली ती सगळी मेहनत आज आपल्या गुडघ्यांच्या कामी येते.

न्यूझीलंडमधल्या ओटागो सेंट्रल रेल ट्रेलचं उदाहरण घ्या. १९९० साली रेल्वे बंद झाली आणि २००० साली मिडलमार्च ते क्लाइड अशी सुमारे १५० किलोमीटरची वाट सायकलींना खुली झाली. आजूबाजूला उंच डोंगररांगा आहेत, पण वाटेचा सर्वांत उंच बिंदू समुद्रसपाटीपासून ६१८ मीटरवर आहे आणि तिथवरचा चढ इतका संथ, की खूण दिसेपर्यंत आपण माथ्यावर आलो हे लक्षातच येत नाही. अमेरिकेतली ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज ही पिट्सबर्ग ते कंबरलंड अशी सुमारे २४० किलोमीटरची वाट अ‍ॅलेगेनी पर्वत ओलांडते. तिथे एक बारकावा शिकण्यासारखा आहे. पिट्सबर्गच्या बाजूने चढ जवळजवळ जाणवत नाही, पण माथ्यावरून कंबरलंडकडे जेमतेम ३८ किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरच्या आसपास उतार आहे. म्हणजे एकच वाट, दिशा बदलली की वेगळी सफर. दिशेबद्दल पुढे पुन्हा बोलू.

स्पेनमध्ये अशा वाटांना ‘व्हिया व्हेर्दे’, म्हणजे हिरवी वाट, म्हणतात. आंदालुसियातली व्हिया व्हेर्दे दे ला सिएर्रा ही पुएर्तो सेरानो ते ओल्वेरा अशी ३६ किलोमीटरची आहे. तिच्यावर ३० बोगदे आणि ४ मोठे पूल आहेत. बांधकाम होऊनही त्या मार्गावर गाडी कधी धावलीच नाही. माणसांनी एवढा डोंगर कोरला आणि शिट्टी एकदाही घुमली नाही, हे वाचून मन हळवं होतं. आज त्या बोगद्यांतून सायकली जातात, आणि साफ्रामागोनच्या कड्यावर गिधाडांची मोठी वसाहत आहे, ती वाटेवरून मान वर करून पाहता येते.

दुसरा प्रकार कालव्याकाठच्या वाटांचा. पूर्वी होड्या ओढणारी जनावरं कालव्याच्या काठाने चालत. त्या वाटा लांबच लांब सपाट, आणि होड्यांना वरच्या पातळीवर चढवणारी पाण्याची दारं आली की तेवढ्यापुरता आखूड चढ. अमेरिकेतली चेसापीक अँड ओहायो कालव्याची सुमारे २९७ किलोमीटरची वाट कंबरलंडलाच वर सांगितलेल्या रेल-ट्रेलला मिळते. कालव्याची वाट सपाट असते म्हणून सोपी समजू नका. ती मातीची असते, आणि पावसानंतर चिखल ब्रेकमध्ये आणि मडगार्डमध्ये असा बसतो की चाक फिरेनासं होतं.

तिसरा प्रकार जंगलातल्या लाकूडवाहतुकीच्या रस्त्यांचा. ट्रकसाठी बांधलेले असल्याने रुंद आणि पक्के, तोंडाशी आडवा दांडा लावून मोटारींना बंद. पण ट्रकला इंजिन असतं. त्यामुळे इथला चढ ८-१० टक्क्यांपर्यंत सहज जातो आणि खडी मोठी, सुटी असते. शिवाय हे रस्ते पुष्कळदा कुठेच पोहोचत नाहीत. जिथे झाडं तोडायची तिथे जाऊन संपतात. नकाशावर रस्ता दिसला म्हणून तो दुसऱ्या खोऱ्यात उतरतो असं धरून चालू नका.

चौथा प्रकार मला स्वतःला फार आवडतो: नवा बोगदा झाल्यामुळे ओस पडलेला जुना खिंडीचा रस्ता. स्वित्झर्लंडमध्ये गॉटहार्डचा मोटार-बोगदा १९८० साली सुरू झाला. त्याच डोंगरावरचा त्रेमोला हा दगडी फरसबंदीचा जुना वळणावळणांचा रस्ता आज मुख्य वाहतुकीपासून बाजूला पडला आहे. असे रस्ते पूर्णपणे गाडीविरहित नसतात आणि चढ खराखुरा असतो, तेव्हा ते दुसऱ्या-तिसऱ्या सफरीसाठी ठेवा.

पायरी २: नकाशा तीन वेळा वाचा

पहिल्या वाचनात फक्त सलगता पाहा. वाट कुठे तुटते? तुटलेल्या जागी आपण किती किलोमीटर मुख्य रस्त्यावर येतो? डोंगरात हे जोडतुकडेच सर्वांत वाईट असतात, कारण खोरं अरुंद असलं की रेल्वे, नदी आणि महामार्ग एकाच चिंचोळ्या पट्टीत कोंबलेले असतात. कधीकधी उत्तर सायकलवर नसतंच. झाल्त्सबुर्गहून आड्रियाटिक समुद्राकाठच्या ग्रादोपर्यंत जाणाऱ्या ४०० किलोमीटरहून लांब आल्पे-आड्रिया मार्गावर ताउएर्न पर्वत आडवा येतो. तिथे सायकलस्वार ब्योकश्टाइनला सायकल आगगाडीत चढवतात आणि बोगद्यातून पलीकडे माल्नित्सला उतरतात. पुढे इटलीत शिरल्यावर जुन्या पोंतेब्बाना रेल्वेच्या पूल-बोगद्यांवरून वाट सुरेख उतरत जाते. मधला तुकडा आगगाडीने पार केला म्हणून सफर कमी प्रतीची होत नाही. उलट असा तुकडा आधी ओळखून ठेवणं हेच नियोजन.

दुसऱ्या वाचनात उंची पाहा. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वाटेला समांतर धावत असतील तर वाट सपाट. वाट त्या रेषांना छेदत जात असेल तर चढ. आणि रेषा जितक्या दाट तितका चढ तीव्र. मार्ग आखायच्या ॲपमधला उंचीचा आलेखही पाहा, पण एक सावधगिरी बाळगा. रेल-ट्रेलवर आलेखात मध्येच सुळक्यासारखा उंचवटा दिसला तर घाबरू नका. बऱ्याचदा तिथे बोगदा असतो. ॲपला बोगद्याच्या आतली उंची माहीत नसते, ते वरच्या डोंगराची उंची मोजतं. तसंच उंच पुलावर आलेख खाली दरीत बुडी मारतो. या खोट्या सुळक्यांमुळे दिवसाच्या एकूण चढाचा आकडा कित्येक शे मीटरने फुगतो, आणि नवखा माणूस आवाक्यातली वाट उगाच सोडून देतो.

तिसऱ्या वाचनात पृष्ठभाग आणि बंदी पाहा. ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या मोफत नकाशावर बऱ्याच वाटांची माहिती, म्हणजे डांबर, बारीक खडी, माती, गवत, नोंदलेली असते. उपग्रहचित्रात वाटेच्या दोन चाकोऱ्या स्वच्छ दिसत असतील तर बरं; मधोमध गवत उगवलेलं दिसलं तर वेग निम्मा धरा. आणि निघण्याच्या आठवड्यात वाट सांभाळणाऱ्या संस्थेची ताजी सूचना वाचा. दरड, पूर, वणवा यांनी डोंगरातल्या वाटा खरोखर बंद होतात. कॅनडातल्या मायरा कॅन्यनमध्ये जुन्या केटल व्हॅली रेल्वेचे १८ पूल आहेत. २००३ च्या वणव्यात त्यांतले १२ लाकडी पूल जळाले, आणि ते पुन्हा उभे राहायला २००८ उजाडलं. ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेजवरचा सुमारे एक किलोमीटरचा बिग सॅव्हेज बोगदा दर हिवाळ्यात दारं लावून बंद करतात. नॉर्वेत बर्गन रेल्वेच्या बांधकामासाठी केलेला रालारवेगेन हा रस्ता सर्वांत उंच जागी १,३४३ मीटरवर जातो, आणि तिथे जुलैतही बर्फ असू शकतं. तिथला हंगाम ढोबळमानाने जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतच.

पायरी ३: किलोमीटर नव्हे, मीटर मोजा

नवीन माणूस नेहमी विचारतो, ‘दिवसाला किती किलोमीटर होतील?’ डोंगरात हा प्रश्न अपुरा आहे. किती मीटर चढ, आणि तो किती टक्क्यांचा, हे विचारा.

थोडा हिशेब करू, कारण तो एकदा समजला की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धरा. ८ टक्के चढावर ताशी ६ किलोमीटर वेग ठेवायला सुमारे १४५ वॉट शक्ती लागते. सराव नसलेल्या माणसाला ही मेहनत तासभर टिकवणं जड जातं. तोच माणूस २ टक्क्यांच्या रेल-ट्रेलवर ताशी १२ किलोमीटरने सुमारे १०० ते ११० वॉटमध्ये जातो. दुप्पट वेग, कमी श्रम, आणि गप्पाही मारता येतात.

वेळेचा अंदाज मी असा बांधतो: बारीक खडीच्या सपाट वाटेवर सामानासह ताशी १२ ते १४ किलोमीटर, आणि त्यावर दर १०० मीटर चढाला १५ ते २० मिनिटं अधिक. समजा ३५ किलोमीटरची वाट आहे आणि ४०० मीटर चढ आहे. अंतराचे पावणेतीन तास, चढाचा सव्वा तास, म्हणजे खोगिरावर चार तास. फोटो, जेवण, पंक्चर, पाणी, वाट चुकणं मिळून आणखी दोन. सकाळी ८ ला निघालात तर २ वाजेपर्यंत मुक्कामी. पहिल्या सफरीचा पहिला दिवस एवढाच ठेवा. दुसरा दिवस त्याहून लहान ठेवा, कारण मांड्यांचं दुखणं दुसऱ्या दिवशी जास्त जाणवतं.

सकाळी लवकर निघण्याला आणखी एक कारण आहे. उन्हाळ्यात स्वच्छ हवेच्या दिवशी डोंगराच्या खोऱ्यात वारा ठरावीक रीतीने वाहतो. ऊन तापलं की दुपारी तो खालून वर, रात्री आणि पहाटे वरून खाली. दुपारी खोऱ्यातून उतरताना उताराचा सगळा फायदा समोरचा वारा खाऊन टाकतो. दुपारनंतर विजा-गडगडाटाचा पाऊसही डोंगरातच जास्त. माथा दुपारच्या आत ओलांडायचा, हा जुना नियम सायकललाही लागू आहे.

पायरी ४: सायकल: नवी घेण्याआधी हे पाहा

पहिल्या सफरीसाठी खास टूरिंग सायकल लागत नाही. धड अवस्थेतली साधी हायब्रिड किंवा माउंटन बाइक पुरते. तीन गोष्टी मात्र तपासा.

गिअर. सर्वांत हलक्या गिअरवर पायडलचा एक फेरा पूर्ण झाला की सायकल किती पुढे जाते ते पाहा. पुढच्या चकतीचे दात भागिले मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दात, गुणिले चाकाचा घेर (साधारण २.१ मीटर). पुढे ३४ आणि मागे २८ दात असतील तर एका फेऱ्यात सुमारे अडीच मीटर. मिनिटाला ६० फेरे धरले तर ताशी ९ किलोमीटर, म्हणजे ८ टक्के चढावर दोनशेहून जास्त वॉट. सामानासह हे नवख्याला झेपणार नाही; गुडघे बोलू लागतील. पुढे २६ आणि मागे ३४ दात असतील तर एका फेऱ्यात १.६ मीटर, ताशी पावणेसहा किलोमीटर, आणि तोच चढ बसल्या जागी चढता येतो. सायकल मेकॅनिककडून मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, बदलून घेणं हा नवी सायकल घेण्याहून कितीतरी स्वस्त उपाय आहे. मात्र मागचा डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) तेवढी मोठी कॅसेट पेलतो का, हे त्याला आधी विचारा.

टायर. खडीसाठी ४० ते ५० मिलिमीटर रुंद. हवा दगडासारखी कडक भरू नका. ४५ मिलिमीटरच्या टायरला १०० किलो वजनावर ३५ ते ४५ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास पुरते, मागच्या चाकात थोडी जास्त, पुढच्यात थोडी कमी. टायर थोडा दबला की पकड वाढते आणि मनगटं वाचतात.

ब्रेक. याबद्दल उताराच्या भागात सविस्तर सांगतो. निघण्याआधी ब्रेक पॅड किती झिजलेत ते पाहा आणि एक जोडी जवळ ठेवा.

पायरी ५: सामान

मुक्काम छपराखाली असेल तर पाणी सोडून ८ किलो पुरेसं आहे. तंबू घेतलात तर १२-१३. जड वस्तू तळाशी, दोन्ही बाजूंच्या पॅनियरमध्ये, म्हणजे चाकाशेजारी लटकणाऱ्या पिशव्यांमध्ये, वजन सारखं. पॅनियर टाचेला लागत नाही ना, हे घरीच पायडल फिरवून पाहा.

दुरुस्तीच्या पिशवीत दोन ट्यूब, पंक्चरचे पॅच, टायर लिव्हर, पंप, मल्टी-टूल, तुटलेली चेन जोडायला क्विक लिंक (सुटी कडी), थोडे झिप टाय आणि फाटलेल्या टायरला आतून लावायला जाड तुकडा. आणि तुमच्या सायकलला बसणारा डिरेल्युअर हँगर. डिरेल्युअर सायकलच्या सांगाड्याला जोडणारा हा छोटासा तुकडा सायकल उजव्या अंगावर पडली की वाकतो किंवा तुटतो. प्रत्येक सायकलचा वेगळा असल्यामुळे खेड्यात तो मिळण्याची आशा नसते. गाडीविरहित वाटेचा हा एकच खरा तोटा आहे: तिथे लिफ्ट द्यायलाही कुणी येत नाही. म्हणून पंक्चर काढणं आणि तुटलेली चेन जोडणं घरी दोनदा करून बघा. व्हिडिओ पाहून आलं असं वाटतं, पण हातांना ते काळोख्या पावसात आठवत नाही.

मग सगळं सामान लादून एक अख्खा दिवस घराजवळ फिरून या. रिकामी सायकल आणि लादलेली सायकल ही दोन वेगळी वाहनं आहेत.

पायरी ६: चढताना

गिअर चढ लागण्याआधी बदला, चढावर जोर देत असताना नव्हे. नाहीतर चेन कुरकुरते आणि उतरते. बसूनच चढा. खडीवर उभं राहिलं की मागच्या चाकावरचा भार कमी होतो आणि ते जागच्या जागी फिरतं. दोन वाक्यं सलग बोलता येतील एवढाच जोर लावा. बोलताना धाप लागली की गिअर हलका करा, तो संपला असेल तर उतरा आणि ढकला. ढकलण्यात काहीही कमीपणा नाही. ताशी ४ किलोमीटरने चालत ढकलणं आणि ताशी ५ ने धापा टाकत चढणं यांत मुक्कामी पोहोचायला विशेष फरक पडत नाही.

चढावर थांबल्यावर पुन्हा निघायला अडचण येते. वाट रिकामी असल्याचा फायदा घ्या: सायकल तिरपी करून वाटेच्या आडव्या दिशेने सुरुवात करा, दोन फेरे पडले की वर वळा.

पाणी उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर. दीड-दोन तासांहून जास्त चालवणार असाल तर भूक लागायची वाट न पाहता दर तासाला थोडं पिष्टमय, गोड खा. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हा सर्वसाधारण मानला जाणारा हिशेब आहे. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी वरच्या अंगाला गुरं चरत असतील हे लक्षात ठेवा. गाळून-उकळून किंवा फिल्टर करूनच प्या.

पायरी ७: उतरताना

अपघात चढावर क्वचितच होतात. उतारावर होतात.

१०० किलो वजन १० टक्के उतारावर ताशी २० किलोमीटर वेगाने उतरवायचं तर सुमारे साडेचारशे वॉट उष्णता ब्रेकना सतत झिरपवावी लागते. म्हणजे चाकात छोटा हीटर लावल्यासारखं. रिम ब्रेक (चाकाची धातूची कड, म्हणजे रिम, दाबणारा) असेल तर रिम तापते, आतल्या ट्यूबची हवा तापते आणि ट्यूब फुटू शकते. डिस्क ब्रेक (चाकाच्या मध्याशी बसवलेली तबकडी दाबणारा) असेल तर पॅड तापून पकड ढिली होते. म्हणून ब्रेक सतत दाबून ठेवू नका. सरळ तुकड्यात थोडा वेग येऊ द्या, वळणाआधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग पुरेसा कमी करा, मग सोडा. जळका वास आला किंवा लिव्हर हँडलला टेकू लागला की थांबा आणि दहा मिनिटं निवू द्या. तापलेल्या डिस्कला बोट लावू नका. रालारवेगेनवर मिर्डालहून फ्लोमकडे उतरताना २१ वळणं आहेत, सुट्या खडीची. तिथे बरेच जण सायकल हातात धरून उतरतात आणि शहाणपणाचं तेच आहे.

याउलट २ टक्क्यांच्या रेल-ट्रेलवर ताशी २० किलोमीटरला हवेचा आणि खडीचा अटकाव उताराच्या ओढीशी जवळजवळ बरोबरीत येतो. ब्रेकला हातही न लावता सायकल आपोआप त्या वेगावर स्थिरावते. नवख्यांना मी रेल-ट्रेल सुचवतो त्याचं अर्धं कारण हा उतार आहे.

खडीवर वळताना पुढचा ब्रेक दाबू नका. वाटेत जनावरं अडवण्यासाठी लोखंडी नळ्यांची जाळी बसवलेली असते, ती अगदी काटकोनात आणि ब्रेक न लावता ओलांडा. ओल्या लाकडी पुलांनाही हाच नियम.

पायरी ८: बोगदे, फाटकं आणि इतर मंडळी

बोगद्यात शिरण्याआधी थांबा. गॉगल काढा, दिवे लावा, अंगात जॅकेट घाला. भर उन्हातून थेट आत गेल्यावर डोळे सरावायला काही मिनिटं लागतात. मी एकदा लहानसा बोगदा म्हणून दिवा न लावता शिरलो. समोरचा उजेडाचा ठिपका बघत जाऊ असं वाटलं होतं. आत वळण होतं, ठिपका गेला, आणि मला माझं हँडलही दिसेना. उतरून भिंतीला हात लावत बाहेर आलो. तेव्हापासून दिवा पिशवीत नाही, हँडलवर असतो. मागचा लाल दिवा बोगद्यात लुकलुकता न ठेवता सलग ठेवा. मागच्याला अंतर कळतं. समोरून पायी येणाऱ्याकडे दिवा असेलच असं नाही, म्हणून वेग चालण्याच्या जवळ. काही बोगद्यांत विजेचे दिवे असतात, पण त्यांची वेळ ठरलेली असते. इंग्लंडमधल्या मॉन्सल ट्रेलचे बोगदे २०११ साली खुले झाले, तिथले दिवे दिवसाच चालू असतात.

फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद, जसं होतं तसं ठेवा. ते कुणाच्यातरी गुरांसाठी आहे. पायी चालणाऱ्यांना मागून घंटी आणि आवाज दोन्ही द्या. घोडा दिसला तर मागून गुपचूप जाऊ नका. दुरूनच बोलत या, म्हणजे त्याला माणूस आहे हे कळतं. मेंढ्यांची राखण करणारे मोठे कुत्रे अंगावर धावून आले तर पळू नका. उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा, हळू आवाजात बोलत कळपापासून लांबून चालत जा. सायकलवरून उतरलेला माणूस त्यांना ओळखीचा प्राणी वाटतो.

जंगलात झाडतोड चालू असल्याची पाटी किंवा फीत दिसली तर तिच्याखालून वाकून जाण्याचा मोह टाळा. रचून ठेवलेल्या ओंडक्यांवर फोटोसाठी बसू नका, ते गडगडतात.

पायरी ९: दिशा ठरवा आणि परतीची सोय आधी करा

रेल्वेने वर जाऊन सायकलने खाली येता येत असेल तर पहिल्यांदा तेच करा. सायकल गाडीत घेतात का, आगाऊ नोंदणी लागते का, हे तिकिटाआधी विचारा. येऊन-जाऊन एकाच वाटेने करणार असाल तर सकाळी चढ, परतताना उतार. थकवा आल्यावर चढ शिल्लक राहता कामा नये.

वाटेचा जीपीएक्स (वाटेची रेषा साठवलेली फाइल) आणि नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या; खोऱ्यात सिग्नल जातो. नकाशावर प्रत्येक दहा-बारा किलोमीटरवर एक बाहेर पडायची जागा शोधून खूण करा: कुठे गाव आहे, कुठे वाट रस्त्याला भेटते. वाटेवर अंतराचे दगड असतील तर शेवटचा आकडा लक्षात ठेवत चला. मदत मागायची वेळ आली तर ‘बोगद्याच्या पुढे कुठेतरी’ यापेक्षा तो आकडा शंभर पटीने उपयोगी पडतो. आणि घरी कुणालातरी सांगून ठेवा की अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करा.

शेवटची एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. दोन-तीन दिवस गाड्यांविना चालवल्यावर कानांची सवय मोडते. आपण वाटेच्या मधोमध चालवू लागतो, वळताना मागे बघत नाही, शेजारी शेजारी गप्पा मारत जातो. आणि मग वाट संपते, बहुतेक वेळा दुपारी उशिरा, आपण दमलेले असताना, एखाद्या वाहत्या रस्त्यावर. मुक्काम दिसत असतो, दोन किलोमीटरच उरलेले असतात. त्या तोंडाशी सायकलवरून उतरा. चमकणारं जाकीट चढवा, दोन्ही दिवे लावा, पाणी प्या, बरोबरच्यांना एकामागे एक लावा. मिनिटभर उभं राहून येणाऱ्या गाड्यांचा आवाज नीट ऐका, आणि मग कडेने निघा. अंधार पडला असेल तर ते दोन किलोमीटर पायी ढकलत जा, किंवा मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून गाडी मागवा.